जन्म : प्लेगचे साल

मनुष्य दिवंगत झाल्यानंतर त्याच्या आप्तांवर जी अनेक संकटे ओढवतात, त्यांत स्मरणिका काढण्याची उबळ हे सर्वांत खर्चिक आणि सर्वांत चिवट संकट होय, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. आमच्या मातोश्री १९८८ साली निवर्तल्या, त्या वेळी त्यांचे वय नव्वदीच्या पलीकडे होते, एवढ्या एका मुद्द्यावर आमच्या विस्तीर्ण कुटुंबात एकमत होते. आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी वडे आणि खीर यांचा यथास्थित समाचार घेऊन माडीवर लवंडलेल्या मंडळींपैकी कोणा एका पुतण्याने, "आजीची एक छानशी स्मरणिका काढायला हवी," हे वाक्य उच्चारून लगेच कूस बदलून डोळे मिटले नसते, तर ते एकमत आजतागायत अबाधित राहिले असते. पुतण्या झोपला तो झोपला. बाकीच्यांची झोप त्याने कायमची उडविली.

आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांस सारे कुटुंब दादा म्हणते, हे मामलेदार कचेरीत उमेदवारीपासून चढत चढत अव्वल कारकून होऊन पेन्शनीत आलेले गृहस्थ असून, सृष्टीतील यच्चयावत् घडामोडी हे मुळात कोणत्या तरी प्रकरणाचे कागद आहेत, अशी त्यांची निष्ठा आहे. घरातील मांजर व्याले तरी त्याची बारनिशीत नोंद व्हावी आणि पिलांच्या वारसाची चौकशी व्हावी, असे त्यांस मनापासून वाटते. त्यांनी त्याच संध्याकाळी फुलस्केप कागदास समास पाडून स्मरणिकेच्या पहिल्या पानाचा मसुदा तयार केला. पहिला रकाना नावाचा. तो बिनहरकत भरला गेला. दुसरा रकाना जन्मतारखेचा. आणि तेथे जे काम तहकूब झाले ते पुढल्या चातुर्मासापर्यंत तहकूबच राहिले.

वास्तविक हे प्रकरण मातोश्रींच्या हयातीतच एकदा चौकशीस निघाले होते. १९७७ च्या सुमारास त्यांचे सहस्रचंद्रदर्शन करावे अशी टूम निघाली. परंतु हजार चंद्र मोजावयाचे तर पहिला चंद्र कोणता, हे आधी ठरावयास हवे. दादांनी मातोश्रींस झोपाळ्यावर बसवून त्यांची रीतसर जबानी घेतली. जबानी देणाऱ्या बाई त्या वेळी डाळिंब्या सोलीत होत्या, आणि जबानी घेणाऱ्यापुढेही त्यांनी वाडगाभर सोलावयास ठेवल्या होत्या, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

"आई, तुझा जन्म कोणत्या सालचा?"

"प्लेगच्या सालचा."

"कोणत्या प्लेगच्या? पहिल्या, की मागाहूनच्या?"

"प्लेगाला काय नंबर असतात, मेल्या? माणसं मुंबई सोडून गलबतांनी कोकणात उतरायला लागली, त्या साली मी झाले. एवढं पुरे नाही का तुला?"

दादांस ते पुरे नव्हते. प्लेगने मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात पाऊल टाकले खरे, परंतु एकदा आलेला तो पाहुणा पुढे कित्येक वर्षे परत परत येतच राहिला. तेव्हा नुसते 'प्लेगचे साल' म्हणजे सरकारी दृष्टीने काहीच म्हणणे नव्हे. त्यांनी दुसऱ्या बाजूने घेरण्याचा यत्न केला. पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली ती १८९७ च्या जूनमध्ये. तेव्हा तू पाळण्यात होतीस की नव्हतीस, असा सवाल त्यांनी टाकला. "पाळण्यात होते की पोटात होते ते मला कसं ठाऊक असणार? माझ्या आईला विचारायचं होतंस," असे उत्तर आले, आणि आमची आजी त्यापूर्वीच अर्धशतक स्वर्गस्थ झालेली असल्याकारणाने त्या साक्षीदारास गैरहजर दाखवावे लागले. जन्मगावाकडे नकलेसाठी केलेला अर्जही काही महिन्यांनी परत आला, त्यावर तांबड्या शाईचा शेरा होता, की त्या काळची जन्ममृत्यूची वही वाळवीने भक्षण केली असल्याने नक्कल देता येत नाही, सबब अर्ज निकालात काढण्यात येत आहे. दादा त्या शेऱ्याने दोन दिवस जेवले नाहीत. मातोश्री म्हणाल्या, "वाळवी गुणाची हो. बाईमाणसाचं वय तेवढं खाऊन गेली."

अखेर जुनी पंचांगे चाळून दादांनी शके १८१८, दुर्मुखनाम संवत्सर, असा निवाडा दिला. मातोश्रींनी तो तत्क्षणी फेटाळला. "दुर्मुख? दुर्मुख तुझी मावशी. तिला घाल त्या सालात. मला त्याच्या पुढलं दे." पुढले संवत्सर हेमलंबी. ते त्यांच्या कानास बरे वाटले, त्यांनी दोनदा उच्चारून पाहिले, आणि मग सोललेल्या डाळिंब्या उचलून त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

येथे मावशीचा संबंध येतो, आणि तो काहीसा विस्ताराने सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. मातोश्री आणि मावशी या सख्ख्या बहिणी. दोघींत अंतर जेमतेम दीडएक वर्षाचे. परंतु मोठी कोण, हा वाद आमच्या जन्माच्याही आधीपासून चालत आला आहे. आमच्या लहानपणी दोघीही धाकटेपणावर हक्क सांगत. "मी हिच्या हाताला धरून चालायला शिकले," असे मातोश्री चारचौघींत म्हणत, आणि मावशी तेवढ्याच शांतपणे म्हणे, "माझं बाळलेणं हिचं उतरलेलं होतं." ही वहिवाट दोघींच्या पंचाहत्तरीपर्यंत निर्वेध चालली. पुढे घरोघरच्या मंगलकार्यांत सर्वांत वडील स्त्रीस आधी नमस्कार, आधी लुगडे, आधी पान, असा क्रम दिसू लागला, आणि एका हिवाळ्यात, कोणतीही पूर्वसूचना न देता, दोघीही एकदम थोरल्या झाल्या. सहस्रचंद्रदर्शनाची वार्ता कर्णोपकर्णी कोकणात पोहोचली तेव्हा मावशीचे तातडीचे पोस्टकार्ड आले, त्यात क्षेमकुशल नव्हते, ऋतुमान नव्हते, एकच ओळ होती : "चंद्र प्रथम माझे भरतात."

आमचे मधले बंधू अण्णा हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मुलांची जुनी पाटी काढून आम्हांस हिशेब समजावून दिला, की ऐंशी वर्षे आणि दहा महिने म्हणजे ९७० महिने, त्यांत दर बत्तीस-तेहतीस महिन्यांस एक या मानाने सुमारे ३० अधिक मास मिळविले की हजार पौर्णिमा पुऱ्या होतात. आणि जन्म प्लेगच्या पहिल्या वर्षातला धरला, तर मुहूर्त याच हंगामात येतो. मातोश्री पाटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"आणि पावसाळ्यातल्या रे?" त्या म्हणाल्या.

"पावसाळ्यातल्या काय?"

"आषाढ-श्रावणात कोकणात चंद्र दिसतो कधी? दर्शन म्हणतोस ना? मग जे दिसलेच नाहीत ते कशाला धरतोस? चार महिने वजा कर."

अण्णांनी, हाडाचे शिक्षक असल्यामुळे, मुकाट्याने चार महिने वजा केले, आणि उत्तर येताच त्यांचा खडू पाटीवर थबकला. त्या हिशेबाने मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन एकशे एकविसाव्या वर्षी येत होते. "मग तेव्हा कर," मातोश्री म्हणाल्या. "घाई कसली आहे?"

घाई आम्हांस होती. कार्यालय ठरले होते, आचारी ठरला होता. समारंभाच्या दिवशी भटजींनी संकल्प सोडण्यापूर्वी जन्मनक्षत्र विचारले, तेव्हा सर्व कुटुंब एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. भटजी अनुभवी होते, त्यांनी "नावरसावरून धरू" म्हणून मार्ग काढला. तुलेसाठी आणलेल्या गुळाचा अंदाज दादांनी केला होता, आणि सरकारी अंदाजपत्रकाप्रमाणे तो एवढा फुगीर निघाला, की मातोश्री पारड्यात बसल्यावर निम्म्याहून अधिक ढेपा तशाच उरल्या. त्या वर्षी आमच्या घरी चहासुद्धा गुळाचा झाला.

दादांनी तरीही प्रकरण मिटविले नाही. मातोश्री बोलता बोलता एकदा म्हणून गेल्या, की शेंडेनक्षत्र उगवले तेव्हा त्या सासरी नव्या नव्या आलेल्या होत्या. दादांचे डोळे लकाकले; १९१० साल सापडले, त्यातून लग्नाचे वय वजा केले की झाले. परंतु दैव पाहा : त्या एकाच वर्षी दोन धूमकेतू उगवले होते, एक जानेवारीत आणि दुसरा, सुप्रसिद्ध हॅलेचा, एप्रिल-मेमध्ये, आणि आपण पाहिला तो कोणता, हे सांगण्यास मातोश्री असमर्थ होत्या, कारण सासूबाईंनी "आत चल" म्हटल्यामुळे त्यांनी तो ओझरताच पाहिला होता. पुढे १९८६ साली हॅलेचा धूमकेतू शहात्तर वर्षांनी परत आला, तेव्हा नातवंडांनी पहाटे काळोखात आजीला शालीत गुंडाळून गच्चीवर नेले, कोणाची तरी उसनी दुर्बीण तिच्या डोळ्यांस लावली, आणि साऱ्या जगात फारच थोड्यांस लाभणारे भाग्य तुला लाभत आहे, असे तिला पुनःपुन्हा सांगितले. तिने क्षितिजाजवळचा तो पुसट ठिपका पुष्कळ वेळ न्याहाळला आणि दुर्बीण परत दिली. "हा तो नव्हे," ती म्हणाली. "तो आभाळभर होता. हा रेशनवरचा दिसतो."

सरकारी कागदांपैकी उरली मतदारांची यादी, आणि तिने तर दादांस धर्मसंकटात टाकले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभर, मुख्यत्वे उत्तरेकडे, 'अमक्याची बायको' आणि 'तमक्याची आई' एवढीच ओळख सांगणाऱ्या स्त्रियांची सुमारे २८ लाख नावे याद्यांतून गाळावी लागली होती. आमच्या मातोश्रींची अडचण नेमकी उलटी. दारात आलेल्या कारकुनास त्यांनी स्वतःचे नाव खणखणीत सांगितले. यजमानांचे मात्र घेईनात. "बाई, नवऱ्याचं नाव काय?" असे त्याने तिसऱ्यांदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दारावर पाटी आहे. वाचता येत नाही का?" तो शरमला, त्याने पाटी वाचली, आणि मग वय विचारले. "तुम्हांला किती वाटतं?" असा प्रतिप्रश्न आला. त्या भल्या माणसास दारी मिळालेले ताक आवडले असावे. त्याने बेचाळीस लिहिले. त्याच यादीत खालच्या ओळीत दादा सदतीस वर्षांचे आहेत. म्हणजे सरकारदरबारी मातोश्री आपल्या ज्येष्ठ चिरंजीवांहून अवघ्या पाच वर्षांनी मोठ्या ठरतात. आणि छापील सरकारी कागद खोटा असू शकतो, हे मान्य करण्याची पाळी दादांवर उतारवयात आली.

रकाना तसाच कोरा ठेवून आम्ही छायाचित्राकडे वळलो, तो तेथे निराळेच संकट. या घरातील प्रत्येक मुंज, प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसे यांची छायाचित्रे आहेत, आणि त्या प्रत्येकात मातोश्री आहेत. परंतु कोठे त्या पाठमोऱ्या आहेत, कोठे कोणाच्या तरी फेट्याआड आहेत, आणि ताईच्या लग्नाच्या पंगतीत तर तुपाची तांबली धरलेला त्यांचा उजवा हात तेवढा आला आहे. तो हात छापावा, अशी एका भाच्याने कलात्मक सूचना केली. ती नामंजूर झाली. अखेर माझ्या मुंजीतील एका गर्दीच्या चित्रातून त्यांचा मुखवटा वेगळा काढून मोठा करण्यास दिला. तो आला तेव्हा डाव्या बाजूस मावशीचा एक कान आणि त्यातली कुडी अजून शिल्लक होती. रंग भरणाऱ्याने तिची काय वाट लावावी हे न कळून त्या कानाचा अंबाडा करून टाकला. चौकट करून ते चित्र भिंतीवर लागले आहे. येणारे जाणारे म्हणतात, "हुबेहूब हो!"

मग लेख येऊ लागले. लेख मागविताना दादांनी परिपत्रकच काढले होते : विषय, मातोश्री, मर्यादा, दोन पाने, मुदत, अनंतचतुर्दशी. दोन पानांची मर्यादा कोणीही पाळली नाही, आणि विषयाची तर मुळीच नाही. प्रत्येकाने पहिल्या परिच्छेदात मातोश्रींस वंदन करून दुसऱ्या परिच्छेदापासून स्वतःचे चरित्र लिहावयास घेतले होते. तिन्ही सुनांचे लेख तीन गावांहून आले, तिघींत परस्पर पत्रव्यवहार नाही हे सर्वश्रुत आहे, तरी तिघींचे पहिले वाक्य अक्षरशः एक होते : "सासूबाईंनी मला कधीच सून मानले नाही, लेकच मानले." ताईचा लेख शेवटी आला. त्यात होते, "आईने मला कधी लेक म्हणून जवळ घेतल्याचे स्मरत नाही." दादांनी चारही लेख लागोपाठ लावले.

गोड्या मसाल्याचे प्रकरण याहून नाजूक. मातोश्रींचा गोडा मसाला हा आमच्या कुळाचा अभिमानविषय, आणि अमेरिकेतील एका नातीने त्याचे प्रमाण छापाच, असा हट्ट धरला. मातोश्रींचे प्रमाण म्हणजे 'पसाभर', 'दिसेल इतके' आणि 'हाताला कळते'. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये निघाले तेव्हा वाटी-चमच्यांची ती मापे पाहून, "एवढं मोजायचं तर वाण्याचं दुकानच घालावं की," असा अभिप्राय त्यांनी दिला होता. मात्र रात्री दिवा लावून तेच पुस्तक त्या वाचीत, हे मी पाहिले आहे. तेव्हा तिन्ही सुनांस कृती विचारली. तिघींनीही, "मला एकटीलाच त्यांनी शिकवला," अशी प्रस्तावना करून कृती दिल्या. थोरलीच्या कृतीत नागकेशर नव्हते, मधलीच्या कृतीत दगडफूल नव्हते, आणि आमच्या सौभाग्यवतींच्या कृतीत तिळाचा पत्ता नव्हता. तीन कृती शेजारी शेजारी मांडल्यावर मातोश्रींची राज्यपद्धती माझ्या ध्यानात आली, आणि पेशव्यांच्या दप्तरात कारकून न होता त्या आमच्या घरी आल्या याचे मला वाईट वाटले.

महापुराच्या आठवणींनी तर दादांचा समास अपुरा पडला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून मुठेचे पाणी पेठांत शिरले, आणि शनिवारातले आमचे बिऱ्हाड अंगावरच्या वस्त्रांनिशी उंचवट्याकडे धावले. हा प्रसंग एकूण पाच लेखांत आहे. दादांच्या लेखात त्यांनी मातोश्रींस पाठीवर घेतले आहे. अण्णांच्या लेखात अण्णांनी. ताईच्या यजमानांच्या लेखात त्यांनी, आणि तेही कमरेएवढ्या पाण्यातून, वस्तुतः ते त्या आठवड्यात नागपुरास होते. जुन्या लिंबाच्या लोणच्याची बरणी वाचविल्याचा मान दोघांनी घेतला असून, त्यांतील एकाचे वय त्या दिवशी चार वर्षांचे होते. घडले ते असे. मातोश्री कोणाच्याही पाठीवर नव्हत्या. बरणी कमरेवर घेऊन त्या सर्वांच्या पुढे चालल्या होत्या, आणि आम्ही तीन कर्ते पुरुष त्यांच्या मागोमाग, पायांत काय येते हे न पाहता, पळत होतो. मंडईच्या बाजूस कोरड्या जमिनीवर पोहोचल्यावर त्यांनी वळून आम्हांस मोजले. आकडा बरोबर भरला. मग त्या म्हणाल्या, "झाकण कोणी आणलं?"

झाकण कोणीच आणले नव्हते. पुढे कितीतरी दिवस, अर्धे पुणे चिखल उपसत असता, आमच्या घरात त्या झाकणाचा विषय निघे.

हे सर्व लेख एका बैठकीत वाचून काढल्यावर माझी अशी पक्की खात्री झाली, की यांतील निम्मे लेख एका बाईविषयी आणि निम्मे निराळ्याच बाईविषयी आहेत, आणि त्या दोघींची एकमेकींशी तोंडओळखही नसावी. आम्हां मुलांच्या लेखांतील बाई दर रविवारी पहाटे एरंडेलाचा पेला घेऊन अंथरुणाशी उभी राहते. दिवेलागणीस निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणवून घेते आणि अडीचकीत अडखळणाऱ्यास पानावरून उठविते. पानातील एक शीत टाकले तर दुसऱ्या दिवशी तेवढेच वाढते. नातवंडांच्या लेखांतील बाईस एरंडेल म्हणजे काय ते ठाऊकच नाही. ती पाढ्यांच्या पुस्तकावर लाडवाची वाटी ठेवते, आणि "नको असेल तर टाक रे, गाईला घालू," असे म्हणते. हे वाक्य एका नातीच्या लेखात वाचून अण्णांनी चष्मा पुसला व ते पुन्हा वाचले. बासष्ट वर्षांपूर्वीच्या एका दुधीच्या भाजीचा हिशेब त्यांच्या मनात अद्याप चुकता झालेला नाही.

पैशाच्या व्यवहारात हा भेद फार स्पष्ट दिसे. रुपयाच्या १९२ पया होत असत त्या काळात आमच्या बाजारहाटाचा हिशेब पईपर्यंत घेतला जाई. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, ते मातोश्रींनी अखेरपर्यंत मानले नाहीत, "एप्रिलच्या पहिल्या तारखेला केलेली गोष्ट खरी कशाला धरायची?" हा त्यांचा सवाल बिनतोड होता. आण्याचे सहा पैसे या बाजारातल्या हिशेबाने सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात, तेव्हा सरकार दर रुपयामागे चार पैसे खाते, असा त्यांचा आरोप असे, आणि ते चार पैसे त्या भाजीवालीकडून वसूल करीत. नातवंडांनी या अज्ञानाचा फायदा घेऊन आजीच्या पैशांची मोड करून आणण्याचा उद्योग आरंभिला आणि प्रत्येक फेरीस वरचे पैसे खिशात घातले. मी हा अपहार पकडून मोठ्या आवेशाने त्यांच्यापुढे मांडला. त्या हसल्या. "ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "मला काय गुणाकार येत नाही?"

परंतु याहून मोठा घात त्यांनी निराळ्याच मार्गाने केला. आई असताना ज्या गुन्ह्यांस त्यांनी जागच्या जागी शिक्षा देऊन प्रकरण दप्तरी दाखल केले होते, ते सगळे गोपनीय दप्तर त्यांनी आजी झाल्यावर नातवंडांपुढे खुले केले. माझ्या चिरंजीवास गणितात पस्तीस गुण मिळाले तेव्हा मी बापास शोभेल असा आवाज काढून गरजलो, "पस्तीस? लाज नाही वाटत?" तोच माजघरातून शांतपणे उत्तर आले, "पस्तीस म्हणजे पास ना रे? तुझ्या बापाला अकरा होते. प्रगतिपुस्तक चिंचेच्या ढोलीत लपवलं होतं त्यानं." त्या दिवसापासून अभ्यास या विषयावर मी घरात अधिकारवाणीने बोललेलो नाही. दादांची स्थिती त्याहून करुण. वयाच्या नवव्या वर्षी शेजारच्या वाड्यातील पेरू काढताना त्यांची लंगोटी कुंपणात अडकली आणि ते तिच्यावाचून घरी आले, ही हकीकत मातोश्रींनी निदान चौदा नातवंडांस सांगितली आहे. आणि दादा भिवया आखडून एखादा हुकूम सोडू लागले, की ती कार्टी हल्ली एकमेकांच्या कानात नुसते "पेरू" म्हणतात. दादांनी ही आठवण स्मरणिकेतून गाळली होती. छापून आल्यावर पाहतात तो ती तीन निरनिराळ्या लेखांत होती.

छापखान्याविषयी न बोलणे बरे. मुद्रिते तपासण्याचे काम अण्णांकडे होते. त्यांनी आकडे तेवढे तपासले. परिणामी अकराव्या पानावर "आई अत्यंत सोशिक होती" या वाक्यातील सोशिकाचे 'शोषक' झाले आहे. आम्ही शुद्धिपत्र जोडणार होतो, परंतु ताई म्हणाली, "असू दे. माझ्या लेखात चालेल."

जन्मतारखेच्या रकान्यावर कुटुंबाची बैठक होऊन मतदान घेण्यात आले. शके १८१८ ला चार मते पडली, शके १८१९ ला चार, आणि झोपेतून उठविलेल्या त्या पुतण्याने तटस्थ राहणे पसंत केले. तेव्हा दादांनी एक दीर्घ उसासा टाकून, नोकरीच्या चौतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. पुराव्यावाचून नोंद केली. पहिल्या पानावर आता छापले आहे : जन्म, प्लेगचे साल. त्याखाली मृत्यूची तारीख, वार, वेळ आणि दाखल्याचा क्रमांक ही सर्व अचूक आहेत.

स्मरणिकेच्या तीनशे प्रती काढल्या. त्यांपैकी नातलगांत वाटून झाल्यावर उरलेले गठ्ठे आमच्या जिन्याखाली आहेत आणि त्यांमुळे सायकल ठेवण्यास जागा नाही. शनिवार पेठेत येणे होईल त्या वाचकांनी अवश्य एक प्रत न्यावी. मूल्य काही नाही, दोन नेल्यास आभारी होऊ. अकराव्या पानावरची चूक ज्याने त्याने आपल्या लेखणीने दुरुस्त करावी, किंवा मर्जी असल्यास करू नये. प्लेगच्या धामधुमीत गलबतांनी कोकणात उतरलेल्या कुटुंबांपैकी कोणाच्या जुन्या वहीत, पत्रात वा पंचांगाच्या समासात शेजारच्या घरी मुलगी झाल्याचा उल्लेख आढळल्यास दादांस कळवावे; त्यांनी प्रकरण अद्याप बंद केलेले नाही. मावशीची साक्ष मात्र ग्राह्य धरली जाणार नाही.